माह्यार आहे का अजून?

प्रिय ताई,

अक्षर बघून पत्र कुणाचं ते तुला कळलंच असेल, आणि कळल्याबरोबर ते कापडाच्या ढिगाखाली सारून तू मशीनवर बसली असशील. बस. पण चहाच्या वेळेला तरी बाहेर काढ आणि शेवटपर्यंत वाच. फोन तू उचलत नाहीस, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तुझ्या जागी मी असते तर मीही उचलला नसता, वर चार जणींकडे तुझी यथेच्छ निंदा केली असती. तू ती कुणाकडेच केली नाहीस. उलट जे केलंस ते मला उशिरा कळलं, आणि तेव्हापासून आरशासमोर उभं राहून केस विंचरायचीही लाज वाटते. ते पुढे येईलच. मला एकदम मुद्द्यावर येता येत नाही हे तू लहानपणापासून बघते आहेस. आई म्हणायची, बारकीला पाणी मागायचं असलं तरी ती आधी विहिरीची गोष्ट सांगणार.

तर विहिरीची गोष्ट. आमच्या कोशाच्या कचेरीत या वर्षी ‘म’ चालू आहे. प्राकृतातून आपल्या बोलण्यात आलेल्या शब्दांचा हा कोश, ज्याला तू ‘मेलेल्यांची खानेसुमारी’ म्हणतेस. एकेक शब्द घ्यायचा, तो मुळात काय होता, वाटेत कसा झिजला, आज तो कोण कसा उच्चारतं, ते सगळं पुठ्ठ्याच्या कार्डांवर उतरवायचं. वाटण्या झाल्या तेव्हा ‘माहेर’ माझ्याकडे आला आणि मी खूश झाले, कारण सोपा वाटला. मूळ मातृगृह, म्हणजे आईचं घर. प्राकृतात त्यातला ऋ विरघळला, कुठे त्याचा इ झाला, कुठे उ. गृहाचं घर झालं आणि जोडशब्दात त्या घ चा नुसता ह उरला. झालं माइहर. माइहर, माइहर असं भराभर म्हणून बघ, जिभेवर आपोआप माहेर होतं. शेजारच्या काही बोलींत हेच घर बापाचं धरतात, पितृगृह, पिइहर, पीहर. आपण मात्र जन्माचं घर आईच्या नावावर केलं आणि लग्नाचं सासऱ्याच्या, कारण सासर म्हणजे श्वशुरगृह. बाईच्या स्वतःच्या नावाचं घर मला प्राकृतात कुठे सापडलं नाही. हे वाक्य मी कार्डावर लिहिलं होतं, आमच्या मुख्य संपादकबाईंनी खोडलं. त्या सगळं पेन्सिलीनेच लिहितात आणि खोडतात, म्हणून त्यांना आम्ही पाठीमागे पेन्सिलबाई म्हणतो.

घोडं अडलं ते बोलीतल्या रूपांपाशी. म्हाएर, म्हायार, माह्यार ही सगळी जुन्या छापील गाण्यांत होती, पण आमचा नियम कडक आहे. बोलीतलं रूप घ्यायचं तर ते आज जिवंत असलेल्या माणसाच्या तोंडून सहज निघालेलं हवं. विचारून काढलेलं चालत नाही, कारण विचारलं की माणूस सदरा झटकून शुद्ध बोलायला लागतो. त्या एका ‘माह्यार’साठी मी कुठे कुठे कान लावून बसले! दवाखान्याची रांग, बसथांबा, भाजीबाजार. बायका माहेरच्या नावानं भरभरून बोलत होत्या, पण सगळ्या ‘माहेर’च म्हणत होत्या. माह्यार म्हणणारी एकच बाई मला ठाऊक होती, आणि ती आपली आई.

तिच्या तोंडून तो शब्द मीच काढून घेतला होता. आठवतं? शाळेत मला शुद्ध बोलण्याचं बक्षीस मिळालं आणि अंगात वारं भरलं. तुझं लग्न नुकतं झालं होतं. घरात पाहुणे बसले होते आणि आई कौतुकानं सांगत होती की थोरली माह्यारी यायची आहे. मी फाडकन म्हटलं, माह्यार नाही, माहेर म्हण. सगळे हसले, आईसुद्धा हसली, आणि नंतर माझ्यासमोर तिनं तो शब्द टाळलाच. ‘थोरली यायची आहे’ एवढंच म्हणायची. तू आलीस तेव्हा तुलाही मीच दुरुस्त केलं. शब्द आपल्या हातानं घराबाहेर काढायचा आणि मग पगार घेऊन तो गावभर शोधत हिंडायचं, अशी माझी विद्वत्ता.

खरं सांगू? त्या शब्दाचा मला रागच होता. तू यायचीस ती न कळवता, गल्लीच्या टोकापासून ‘आले गं’ अशी आरोळी ठोकत. आई हातातलं टाकून दाराशी धावायची. माझी खाट तुला, जाड उशी तुला, दुधावरची साय तुला. चार दिवसांनी तू गेलीस की आई दारात उभी राहून डोळे पुसायची. उरलेलं वर्ष तिचं औषधपाणी बघणारी, तिची नखं कापणारी, तिची चिडचिड ऐकणारी मी. माझ्यासाठी तिला कधी दाराशी यावं लागलं नाही, कारण मी कुठे गेलेच नव्हते. जी जाते तिला माहेर असतं. जी तिथेच राहते तिच्या घराला काय म्हणायचं, याला शब्दच नाही, मी सगळी कपाटं धुंडाळली आहेत. पन्नाशी उलटलेल्या बाईनं असलं काही मनात धरावं याची मला शरम वाटते, पण धरलं होतं. आई गेल्यावर तिच्या खोलीत मी कार्डांची खोकी भरली, त्यात कामाची गरज अर्धी होती आणि हा राग अर्धा. त्यानंतर तू आलीस ती पुढच्या खोलीतल्या सोफ्यावर पाय मुडपून झोपलीस, आणि सकाळी म्हणालीस की पाठीला हेच बरं असतं. मी ते खरं मानलं, कारण तेच सोयीचं होतं.

मग तुझा तो फोन. संध्याकाळ होती, माझ्यासमोर माहेरचीच कार्डं पसरलेली होती. आईच्या खोलीतला पलंग आहे का अजून, असं तू आधी विचारलंस. मी म्हटलं, आहे, पण खोक्यांखाली. खोकी किती दिवस राहणार, विचारलंस. मी म्हटलं, ‘म’ मोठा आहे. मग तू विचारलंस, थोडे दिवस आले तर चालेल का. ताई, तू जन्मात कधी विचारून आली नव्हतीस. एवढ्यावरच माझे कान टवकारायला हवे होते. भाऊजी निवृत्त झाल्यापासून दिवसभर घरात बसून तुझ्या हरेक गोष्टीत खोड काढतात, एवढ्या वर्षांनी उभं राहिलेलं तुझं शिवणाचं दुकान बंद कर म्हणून हटून बसलेत, हे मला माहीत होतं. मी एका हातानं कार्डं लावत होते. म्हटलं, बघू, जरा कामाची गर्दी ओसरू दे. तेव्हा तू म्हणालीस, ‘मला माह्यार आहे का गं अजून, की आईबरोबर गेलं?’

माझ्या हातातली कार्डं खाली पडली. तुझ्या दुःखानं नव्हे. तो शब्द! आईचा, जसाच्या तसा, आणि कुणी न विचारता आपणहून आलेला. मी म्हटलं, परत म्हण. तुला वाटलं मला ऐकू आलं नाही, म्हणून तू परत म्हणालीस. मी म्हटलं, थांब, लिहून घेते, सावकाश सांग. आणि तू सांगितलंस, ताई. एकेक शब्द सुटा करून, खिडकीमागच्या कारकुनाला नाव-पत्ता सांगावा तसं. मग तू विचारलंस, ‘झालं लिहून?’ मी म्हटलं, झालं. तू फोन ठेवलास. आणि मी, हे लिहिताना बोटं आखडतात, मी उठून स्वतःसाठी आलं घालून मस्तपैकी चहा केला.

माणूस घाबरला, दुखावला की त्याची पहिली बोली वर येते. हे मी कचेरीतल्या नव्या मुलींना दर वर्षी शिकवते, वर बजावते की अशा वेळी कान उघडे ठेवा. माझे कान उघडेच होते, बाकी सगळं बंद होतं.

बैठकीत ते कार्ड मी मिरवत नेलं. मोठ्यानं वाचून दाखवलं. सगळ्यांनी वाखाणलं, एक सहकारी म्हणाला की असं वाक्य बसून घडवायचं म्हटलं तरी घडणार नाही. मी मान खाली घालून हसले, जसं काही ते मीच घडवलं होतं. पेन्सिलबाईंनी कार्ड हातात घेतलं. त्यांचा आणखी एक नियम आहे. उदाहरण प्रश्नाचं असेल, तर समोरच्यानं दिलेलं उत्तरही टिपायचं, कारण शब्द ऐकणाऱ्यानं तो कसा घेतला ते उत्तरात दिसतं. त्यांनी कार्डाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘उत्तर?’ असं लिहिलं आणि ते माझ्याकडे सरकवलं. रागावून वगैरे नाही, त्या रोज कितीतरी कार्डांवर तसं लिहितात. साध्या आवाजात म्हणाल्या, ‘मग काय उत्तर मिळालं बाईंना?’

काय सांगणार, की उत्तर ‘झालं’ असं मिळालं? मी म्हटलं, फोन कापला गेला. भर बैठकीत खोटं बोलले. तेव्हा कुठे मला तू काय विचारत होतीस ते ऐकू आलं. एवढे दिवस मी तुझं वाक्य उशाशी घेऊन झोपत होते, आणि तो प्रश्न आहे, तो मला विचारलाय, हे माझ्या डोक्यातच शिरलं नव्हतं.

घरी आले तर तुझ्या लेकीचा फोन. म्हणाली, मावशी, आईला इतक्यात परत पाठवू नकोस हं, बाबांना थोडं कळू दे. ती तुझ्याकडे आहे म्हणून मी निर्धास्त आहे. आधी मला काही उमगेना. मग हळूहळू उलगडत गेलं. भाऊजींना, लेकीला, शेजाऱ्यांना, सगळ्यांना तू ‘माहेरी चालले’ असं सांगून बॅग घेऊन बाहेर पडली होतीस. माहेरी तू आलीच नव्हतीस. मग होतीस कुठे? लेकीनं विचारलं, आई काय करतेय. आणि मी म्हटलं, पडलीये जरा.

तिथून रोज फोन. रोज मी तुला जेवायला घालते, आंघोळीला पाठवते, एकदा तर शेजारणीकडे गप्पा मारायला धाडलं. जो पाहुणचार खरा करायचा होता तो सगळा मी फोनवर केला. लेक तुझ्याशीही बोलत होती, आणि तू तिला सांगत होतीस की बारकी फार काळजी घेते. आपण दोघींनी न ठरवता एकच खोटं सांभाळलं, फक्त तू ते माझी अब्रू राखायला बोलत होतीस आणि मीही माझीच राखत होते.

तू कुठे असशील ते शोधायला फार डोकं लागलं नाही. तुझ्या दुकानाशेजारच्या इस्त्रीवाल्यानं मला ओळखलं नाही, गिऱ्हाईक समजला. त्याला विचारलं तर म्हणाला, बाई सध्या दुकानातच राहतात, माहेरचं घर दुरुस्तीला काढलंय, ते झालं की जाणार आहेत. त्यालासुद्धा तू मला सांभाळूनच सांगितलं होतंस. शटर अर्धं खाली होतं. खालून तुझ्या चपला दिसल्या, आणि कापड बेतायच्या टेबलावर गुंडाळून ठेवलेलं अंथरूण. ज्या टेबलावर तू लोकांचे पडदे कापतेस त्यावरच तू झोपतेस. आत मशीन चालू होतं. मी वाजवायला हात वर केला, तसाच खाली घेतला, आणि तिथून अक्षरशः पळ काढला. इस्त्रीवाला हातातली इस्त्री तशीच धरून बघत राहिला.

त्यानंतर मी जे केलं त्यात शाबासकी मिळण्यासारखं काही नाही, पण तुला माहीत असावं म्हणून सांगते. खोकी सगळी टेम्पोत घालून कचेरीत नेऊन टाकली. तिथे जागा नाही म्हणून पेन्सिलबाई कुरकुरल्या, आता ती जिन्याखाली आहेत. त्यांच्याकडून ते कार्डही परत मागून घेतलं. त्या म्हणाल्या, एवढं एकच जिवंत रूप हाती लागलंय, ते काढलं तर नोंद लंगडी पडेल. मी म्हटलं, पडू दे. ‘माह्यार’ कोशात नसेल. ते वाक्य माझ्या बहिणीनं मला विचारलं होतं, कोशाला नाही. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि पुढचं कार्ड उचललं. पलंगाला ऊन दाखवलंय. खिडकीपाशी तुझं मशीन मावेल एवढी जागा सोडली आहे, मोजून बघितलं नाही, पण मावेल.

आणि आज सकाळी लेकीला खरं काय ते सांगून टाकलं. ती रविवारी तुला भेटायला इथे यायचं म्हणत होती. ते ऐकून माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? की काहीतरी करून तुला रविवारपुरती तरी आणावी, म्हणजे निभावेल. इतक्या सगळ्यानंतर! गेल्या काही दिवसांत ज्या ज्या गोष्टींची लाज वाटली त्यात ही सगळ्यात वरची. म्हणून आधी तिच्यापाशी बोलले, आता माझं काही झाकायचं उरलेलं नाही. ती म्हणाली, ‘मावशी, हे मला कशाला सांगतेस? तिला सांग.’ आवाज अगदी तुझ्यासारखा झालाय तिचा.

चहाच्या वेळी वाच असं वर लिहिलंय ते घरी बसून लिहिलं होतं. हा शेवट मी तुझ्या दुकानाच्या पायरीवर लिहिते आहे, कागद गुडघ्यावर धरून, म्हणून अक्षर असं पळतंय. इस्त्रीवाल्यानं आज मला ओळखलं, पळालेली बाई म्हणून. पत्र एवढ्याचसाठी की उत्तर द्यायचं राहून गेलं होतं. मी तुला तीनदा विचारायला लावलं, म्हणून तीनदा देते. आहे, ताई. आहे. आहे गं. आईबरोबर गेलं नव्हतं, मी ते खोक्यांखाली दाबून टाकलं होतं. आणि तू आलीस तरच ते असणार आहे, माझ्या एकटीच्या तिथे राहण्यानं ते होत नाही, हे मला इतक्या वर्षांनी कळलंय. यावंसं वाटत नसेल तर नको येऊस. आतून तसं सांग, मी ऐकेन, लिहून घेणार नाही. शटर आज पूर्ण खाली आहे, आता हे त्याच्याखालून सरकवते. शटर जड आहे, तुझ्या खांद्याला झेपत नसेल तर नुसती हाक मार, मी बाहेरून उचलते.

तुझीच, अजून पायरीवर बसलेली,
बारकी